पाणीपट्टी आणि ड्रेनेजची दरवाढ तपासतं कोण? नियामक काय बघतात, आपण काय विचारायचं?

अनगोळकर
मंडळी, विजेचा दर वाढवायचा म्हटलं की आपल्या वीज वितरण कंपनीला, हेस्कॉमला, केईआरसी या कर्नाटकच्या वीज नियामक आयोगापुढे प्रस्ताव टाकावा लागतो. पेपरात जाहिरात येते, हरकती मागवतात, सुनावणी होते, मग लेखी आदेश निघतो. पाण्याचं तसं काही दिसत नाही. पाणीपट्टी वाढीचा विषय निघाला की सभागृहात गदारोळ, दोन दिवस बातम्या, आणि मग बिलावर नवा आकडा. मधला हिशेबाचा कागद कुणाच्या हाती पडत नाही. बाहेरच्या देशांत पाण्यासाठी वेगळे नियामक आहेत. ते घरगुती पाणी आणि सांडपाण्याच्या दरवाढीचा प्रस्ताव नेमका कसा तपासतात? त्यातलं बेळगावात काय वापरता येईल? राजकारण बाजूला ठेवून हिशेबावर बोलूया.

हिशेबनीस
चांगला धागा. आधी आपलं चित्र स्पष्ट करतो. कर्नाटकात शहरी घरगुती पाण्याच्या दराला स्वतंत्र नियामक नाही. महापालिकेचा ठराव आणि राज्य सरकारची मान्यता, एवढीच वाट. बेंगळुरूचं वेगळं जलमंडळ आहे, पण तिथेही दर मंडळ आणि सरकार मिळून ठरवतात. राष्ट्रीय जलनीती 2012 मध्ये लिहिलंय की पाण्याचे दर प्रत्येक राज्याने नेमलेल्या स्वतंत्र वैधानिक प्राधिकरणामार्फत, सर्व संबंधितांशी सल्लामसलत करून ठरावेत. नीतीला कायद्याचं बळ नसतं, म्हणून ते कागदावर राहिलं.

बाहेर दोन ठळक नमुने आहेत. इंग्लंड-वेल्समध्ये 1989 ला पाणी कंपन्यांचं खासगीकरण झालं तेव्हाच ऑफवाट हा पाण्याचा नियामक आला. तो दर पाच वर्षांनी दर ठरवतो. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्यात आयपार्ट हा दर-नियामक 1992 पासून आहे, आणि तिथली सिडनी वॉटर सरकारी मालकीची आहे. म्हणजे कंपनी सरकारी असली तरी नियामक असू शकतो, हे लक्षात ठेवा. स्कॉटलंडमध्येही सेवा सरकारी आणि तिच्यावर वेगळा आयोग.

दोन्हीकडचा गाभा एकच. आधी ठरवायचं की सेवा नीट चालवायला वर्षाला किती पैसे लागतात. त्याचे घटक: चालू खर्च, मालमत्तेचा घसारा, गुंतवलेल्या भांडवलावरचा परतावा, आणि कर. या बेरजेला विकल्या जाणाऱ्या पाण्याने भागलं की सरासरी दर. प्रत्येक घटकावर नियामक विचारतो: हा खर्च गरजेचा होता का, आणि एवढाच लागायला हवा होता का? आयपार्ट याला खर्चाची योग्यता आणि कार्यक्षमता म्हणून तपासतं आणि त्यासाठी बाहेरचे अभियंते नेमतं.

निपाणीकर
महाराष्ट्रात तर प्राधिकरण आहे की ओ. सीमेपलीकडे कोल्हापुरात पाण्याचा दर ते ठरवतं ना?

हिशेबनीस
नाही, निपाणीकर. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण 2005 च्या कायद्याने आलं, पण ते ठोक पाण्याचा दर ठरवतं. म्हणजे धरणातून महापालिका, कारखाने, शेती यांना जे पाणी दिलं जातं त्याचा. कोल्हापुरातल्या घराच्या नळाचा दर तिथली महापालिकाच ठरवते. मात्र एक गोष्ट त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे. लाभधारकांची मतं अजमावून दराचे निकष ठरवायचे, आणि दराने व्यवस्थापन, प्रशासन, देखभाल-दुरुस्तीचा खर्च भरून काढायचा, हे कायद्यातच लिहिलंय. धरण बांधल्याचा भांडवली खर्च त्यात धरलेला नाही.

पंपघर
चालू खर्चाबद्दल लिहितो, कारण आपल्याकडे खरा पैसा तिथे जातो. बेळगावचं पाणी राकसकोप आणि हिडकलहून येतं. हिडकलचं पाणी तर घटप्रभेच्या खोऱ्यातून वर चढवून आणावं लागतं. त्यामुळे बिलातली मोठी रक्कम विजेची असते.

गणित सोपं आहे. 1000 लिटर पाणी 100 मीटर वर चढवायला तत्त्वतः 0.27 युनिट वीज लागते. पंप आणि मोटार मिळून 65 टक्के कार्यक्षम धरली तर 0.42 युनिट. पाइपमधलं घर्षण त्यात मिळवायचं, कारण चढण म्हणजे नुसता उंचीतला फरक नव्हे. पंपाचा इंपेलर, म्हणजे आतलं फिरतं चक्र, झिजला, मोटार रिवाइंड करून करून जुनी झाली, की हीच कार्यक्षमता 50 टक्क्यांवर येते आणि त्याच पाण्याला 0.54 युनिट लागतात.

नियामक इथे काय करतो? प्रत्येक पंपिंग स्टेशनचं वर्षाचं पाणी, उंची आणि वीज मागतो, आणि दर हजार लिटरला 100 मीटरमागे किती युनिट पडले ते काढतो. आकडा 0.42 च्या आसपास असेल तर ठीक. 0.55 असेल तर म्हणतो, हा वरचा खर्च ग्राहकाने का द्यायचा? पंप बदला, तोवर मी 0.42 नेच मान्य करणार. पाणीपुरवठ्याच्या पंपिंगला केईआरसीच्या दरपत्रकात वेगळे वर्ग आहेत, उच्चदाबाला एचटी-1 आणि लघुदाबाला एलटी-6(अ). त्यामुळे विजेचा दर किती धरला तेही पडताळता येतं.

वडगावकर
आणि गळती? पंपाने चढवलं, शुद्ध केलं, आणि वाटेत जमिनीत मुरलं, त्याचं काय?

पंपघर
बरोबर, ते त्याच गणितात येतं. केंद्र सरकारचे 2008 चे सेवा-मानदंड सांगतात की बिलात न येणारं पाणी 20 टक्क्यांच्या आत हवं. आता समजा हे प्रमाण 40 टक्के आहे. मग बिलातल्या प्रत्येक हजार लिटरसाठी 1667 लिटर चढवावे लागतात. 100 मीटरला 0.42 युनिट धरले तर 0.70 युनिट. गळती 20 टक्के असती तर 0.53 युनिटच लागले असते. विजेचा दर समजा 7 रुपये, तर दर हजार लिटरला सव्वा रुपयाचा फरक, तोही फक्त विजेत. क्लोरीन, तुरटी, कच्च्या पाण्याची रक्कम वेगळी.

नियामक गळतीचा ठरवून दिलेला आकडा धरूनच दर काढतो, प्रत्यक्ष गळती कितीही असो. जास्तीचा तोटा पुरवठादाराचा. केईआरसी विजेच्या वितरण हानीत हेच करतं. पण एक अडचण आहे. गळती मोजायला आधी ठोक मीटर लागतात: जलशुद्धीकरण केंद्राच्या बाहेर, प्रत्येक टाकीच्या आऊटलेटवर, प्रत्येक झोनच्या तोंडाशी. ते चालू नसतील तर 20 काय आणि 40 काय, सगळा अंदाज. म्हणून दरवाढीच्या प्रस्तावावर पहिला प्रश्न हाच: किती ठोक मीटर चालू आहेत आणि त्यांचं मागच्या वर्षाचं महिनावार वाचन द्या.

शहापूरची_लेक
दादा, मीटरचंच बोलायचं तर घरच्या मीटरचंही बोला. एक दिवसाआड किंवा चार दिवसांनी पाणी येतं तिथे नळ सुटला की आधी हवा येते. ती हवा मीटर फिरवते. दर वाढला की हवेचाही दर वाढतो.

पंपघर
ताई, हे खरं आहे. रिकाम्या पाइपमधली हवा पाण्याच्या पुढे ढकलली जाते आणि बहुधारा मीटरचं चक्र तिने जोरात फिरतं. उपाय वितरण वाहिनीवर उंच जागी एअर व्हॉल्व्ह बसवणं, आणि मूळ उपाय वाहिनी सतत भरलेली ठेवणं. 24 तास पुरवठ्याच्या भागात हा प्रश्न जवळपास संपतो.

मीटर तपासायचा असेल तर घरचे सगळे नळ बंद करून काचेखालचा छोटा त्रिकोणी काटा बघा. तो हलत असेल तर मीटरनंतर घरातच कुठेतरी गळतंय. मग 20 लिटरच्या मापाच्या बादलीने दहा बादल्या, म्हणजे 200 लिटर भरा आणि वाचनातला फरक बघा. पाण्याच्या मीटरच्या आयएस 779 या भारतीय मानकाप्रमाणे नेहमीच्या प्रवाहाला दोन टक्क्यांची चूक चालते, अगदी बारीक प्रवाहाला पाच. म्हणजे 200 लिटरला 196 ते 204 ठीक. 215 दाखवलं तर लेखी तक्रार करून मीटर तपासणीला पाठवायला सांगा. नळ पूर्ण उघडा ठेवून मोजा, बारीक धारेने नको. आणि पाणी सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटं झाल्यावर मोजा, नाहीतर हवेचा हिशेब त्यात मिसळेल.

खर्च_वसूल
एक वेगळं मत मांडतो. इथे सगळे वाढ कशी थांबवायची ते बोलताहेत. दर वर्षानुवर्षं न वाढवणं हाच सर्वात मोठा अन्याय असतो. बेंगळुरूत 2014 नंतर थेट 10 एप्रिल 2025 पासून दर वाढले. घरगुती ग्राहकाला वाढ पहिल्या 8000 लिटरपर्यंत लिटरमागे 0.15 पैसे, आणि 50 हजार लिटरच्या वर 1 पैसा. म्हणजे हजार लिटरला दीड रुपयापासून दहा रुपयांपर्यंत. जोडीला दर वर्षी एप्रिलमध्ये 3 टक्के. अकरा वर्षं पाइपलाइनचं नूतनीकरण मागे पडलं त्याची किंमत कुणी मोजली? थोडं थोडं आणि दर वर्षी, हेच घराच्या बजेटला सोसतं.

हिशेबनीस
या मताशी मी बराच सहमत आहे. नियामकाचं काम दर दाबून ठेवणं हे नाही. ऑफवाटचाच ताजा निर्णय बघा. 2025 ते 2030 या पाच वर्षांसाठी कंपन्यांनी ऑक्टोबर 2023 मध्ये योजना दिल्या. जुलै 2024 च्या मसुद्यात सरासरी घरगुती बिल पाच वर्षांत 21 टक्के वाढू द्यायचं ठरलं. त्यावर हरकती आल्या, कंपन्यांनी जादा कामांचे पुरावे दिले, आणि 19 डिसेंबर 2024 च्या अंतिम निर्णयात ते 36 टक्के झालं. पाच वर्षांत 157 पौंड, म्हणजे वर्षाला सरासरी 31. सदर्न वॉटरला 53 टक्के, थेम्सला 35. कामांसाठी मान्य खर्च 8800 कोटी पौंडांवरून 10,400 कोटींवर गेला.

इथे बघायची गोष्ट: हे टक्के महागाई सोडून आहेत. महागाई वेगळी मिळवली जाते. आपल्याकडे कुणी '10 टक्के वाढ' म्हणालं तर तो आकडा महागाईसकट आहे की तिच्यावर, हे आधी विचारायचं.

टिळकवाडी_जुनी
36 टक्के दिल्यावर तपासणीचा उपयोग काय झाला मग?

हिशेबनीस
प्रश्न रास्त आहे. उपयोग तीन ठिकाणी होतो. पहिला तुलनेत. ऑफवाट सगळ्या कंपन्यांचा खर्च एका सांख्यिकी मॉडेलमध्ये घालतं. त्यात वाहिनीची लांबी, जोडण्यांची संख्या, वस्तीची दाटी, किती ठिकाणी बूस्टर पंप लागतात, पाणी किती अवघड प्रक्रियेने शुद्ध करावं लागतं, हे सगळं धरतात. तेवढ्याच परिस्थितीत चांगल्या कंपन्या किती खर्चात काम करतात ते काढतात, आणि महाग कंपनीला त्याच पातळीवर यायला लावतात.

दुसरा, भांडवलावरचा परतावा. कंपनी कितीही मागो, ऑफवाटने महागाई सोडून 4.03 टक्के मान्य केले. मसुद्यात 3.72 होते. हा एक आकडा अर्धा टक्का हलला तर बिल लगेच हलतं, म्हणून सर्वात जास्त वाद इथेच होतो.

तिसरा, पैसे परत घेण्याची सोय. ठरलेलं काम केलं नाही, वाहिनी बदलली नाही, प्रक्रिया केंद्र वाढवलं नाही, तर त्या कामासाठी दिलेली रक्कम ग्राहकांकडे वळते. मला वाटतं आपल्याकडे सर्वात जास्त गरज याचीच आहे.

आणि कंपनीला निर्णय मान्य नसेल तर दोन महिन्यांत ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाकडे जाता येतं. पाच कंपन्या गेल्या. ऑक्टोबर 2025 च्या तात्पुरत्या निर्णयात त्यांनी मागितलेल्या जादा 270 कोटी पौंडांपैकी 55.6 कोटीच मान्य झाले.

टिळकवाडी_जुनी
तरीही तिकडच्या नद्यांत मैलापाणी सोडल्याच्या बातम्या येतच असतात. नियामक असूनही.

हिशेबनीस
होय, आणि म्हणून तिथेही व्यवस्था बदलायचं चाललंय. सर जॉन कनलिफ यांच्या आयोगाने जुलै 2025 मध्ये ऑफवाट बंद करून एकच मोठा नियामक करण्याची शिफारस केली. दर तपासणारा एक आणि प्रदूषण तपासणारा दुसरा, असं झाल्यावर कामं मधल्या फटीत अडकली. आपण ऑफवाटचा आराखडा जसाच्या तसा आणावा असं माझं म्हणणं नाही. प्रश्न विचारायची शिस्त घ्यावी.

मार्कंडेय_काठ
भांडवलावर परतावा ही गोष्ट आपल्याकडे लागू होते का? आपली योजना कर्ज-अनुदानातून झाली. जागतिक बँकेचं कर्ज राज्याला, केंद्राचं-राज्याचं अनुदान, पालिकेचा वाटा. मग मालमत्ता कुणाची आणि परतावा कुणाला?

हिशेबनीस
या धाग्यातला सर्वात महत्त्वाचा प्रश्न. नियामकांचा सर्वसाधारण नियम असा की जी मालमत्ता अनुदानातून किंवा ग्राहकाने दिलेल्या पैशातून झाली, तिच्यावर परतावा मिळत नाही. विजेत तर अशा मालमत्तेचा घसाराही दरात धरत नाहीत.

फरक किती पडतो बघा. आकडे केवळ समजण्यासाठी घेतोय. समजा चालू खर्च वर्षाला 40 कोटी, मालमत्ता 300 कोटींची, त्यातली 100 कोटी कर्जातून आणि 200 कोटी अनुदानातून. व्याज 7 टक्के, आयुष्य 40 वर्षं. वर्षाला विकलं जाणारं पाणी 2 कोटी किलोलिटर.

फक्त कर्जाची मालमत्ता धरली तर 40 अधिक 7 अधिक 2.5, म्हणजे 49.5 कोटी. दर हजार लिटरला 24.75 रुपये. सगळी मालमत्ता धरली तर 40 अधिक 21 अधिक 7.5, म्हणजे 68.5 कोटी. दर 34.25 रुपये. साडेनऊ रुपयांचा फरक, आणि तो बाहेरून दिसत नाही. प्रस्तावात 'एकूण प्रकल्प खर्च' असं एकच वाक्य असलं तर थांबायचं आणि विचारायचं: यात अनुदान किती?

खर्च_वसूल
परतावा नको, मान्य. पण अनुदानाच्या मालमत्तेचा घसारा धरू नका हे पटत नाही. पाइप चाळीस वर्षांनी फुटणारच. तेव्हा पुन्हा अनुदान येईल याची हमी कुणी दिली? आज थोडं बाजूला टाकलं नाही तर नातवंडांच्या बिलात एकदम येईल.

हिशेबनीस
तुमच्या म्हणण्यात दम आहे. पण घसारा म्हणून घेतलेली रक्कम महापालिकेच्या सर्वसाधारण खात्यात गेली तर ती नूतनीकरणाला उरत नाही. माझी अट एवढीच: पाणी आणि यूजीडीचं, म्हणजे भूमिगत ड्रेनेजचं, स्वतंत्र खातं, नूतनीकरण निधी वेगळा, आणि त्यातून फक्त वाहिन्या-पंप बदलायचे. हे लेखी असेल तर तुमच्या बाजूने मी हात वर करीन.

मार्कंडेय_काठ
वेगळं खातं हा मुद्दा हरकतीत घालायलाच हवा. घरपट्टी, पाणीपट्टी, ड्रेनेज सगळं एकाच पोत्यात गेलं तर पाण्याचा तोटा खरा किती ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही.

वडगावकर
आता ड्रेनेजकडे या. यूजीडीचा आकार पाण्याच्या बिलाच्या टक्क्यांत लावतात. पण बेळगावच्या वडगाव, शहापूर, खासबाग भागांत घरोघरी विहिरी आहेत, बोअर आहेत. वापर विहिरीचा, सांडपाणी यूजीडीत. मग नळाच्या मीटरवर ड्रेनेज लावून कसं चालेल? आणि उलटंही आहे. अंगणात झाडं असलेल्या घराचं पाणी जमिनीत जातं, तरी त्यांना पूर्ण टक्केवारी.

शहापूरची_लेक
विणकरांच्या घरांचंही सांगा की. एका वाड्यात तीन भाऊ, एकच नळ.

हिशेबनीस
सांडपाण्याचं आधी. आपल्याकडे आराखडा करताना पुरवलेल्या पाण्याच्या 80 टक्के पाणी गटारात येतं असं धरतात. इंग्लंडमध्ये मीटर असलेल्या घरांना बहुतेक कंपन्या 90 ते 95 टक्के धरतात, सिडनी वॉटर स्वतंत्र घरांना 75. तिकडे छपराचं आणि अंगणाचं पावसाचं पाणी सार्वजनिक गटारात जात नाही हे दाखवलं तर बिलातला तेवढा भाग कमी होतो. आपल्याकडे पावसाळ्यात लोक गच्चीचं पाणी सर्रास यूजीडीच्या चेंबरमध्ये सोडतात. मग मॅनहोल उफाळतात आणि हलग्याच्या शुद्धीकरण प्रकल्पाकडे जाणाऱ्या वाहिनीवर पावसाचा भार येतो. पावसाचं पाणी वेगळं ठेवणाऱ्याला सवलत ही मागणी खर्चाच्याही फायद्याची आहे.

विहिरीच्या घरांना तीन रस्ते: विहिरीच्या पंपाला मीटर, माणसांप्रमाणे ठोक आकार, किंवा सगळ्यांना घरामागे स्थिर ड्रेनेज आकार. पहिला अचूक पण वाचनाचा खर्च मोठा. मला दुसरा पटतो.

वाड्याचा प्रश्न स्लॅबचा आहे. पाच माणसांचं कुटुंब, माणशी 135 लिटर, 30 दिवस: 20,250 लिटर. पहिला स्लॅब 8000 लिटरचा असेल तर माणशी 53 लिटरच स्वस्तात मिळतात. एकाच नळावर तीन कुटुंबं असली की 60 हजार लिटर, म्हणजे तिन्ही गरीब घरं सर्वात महाग स्लॅबमध्ये, आणि स्वतंत्र बंगला मधल्या स्लॅबमध्ये. स्लॅब नळाला लावायचा की कुटुंबाला, हे ठरावातच लिहिलेलं हवं. रेशनकार्डांच्या संख्येने स्लॅब गुणायचा असा नियम मागा.

कॅम्पातला
कॅन्टोन्मेंटचं वेगळं आहे हे इथे नोंदवतो. छावणी बोर्डाला कर लावायचा तर 2006 च्या कायद्याप्रमाणे आधी प्रस्ताव प्रसिद्ध करावा लागतो आणि रहिवाशाला 30 दिवसांत लेखी हरकत देता येते. नोटीस लागली की तारीख लिहून ठेवा.

खानापूर_रान
खेड्यांकडेही बघा. जलजीवनच्या नळाला माणशी 55 लिटरचा हिशेब आहे आणि पाणीपट्टी ग्रामपंचायत ठरवते. तिथे पंपाचं वीजबिल आणि वॉटरमनचा पगार, एवढे दोन आकडे ग्रामसभेत फळ्यावर लिहिले तरी निम्मं भांडण मिटतं.

अनगोळकर
खूप मिळालं. आता माझ्या मूळ प्रश्नाकडे. नियामक नाही, मग आपण ही तपासणी करायची कशी? केईआरसीसारखी हरकत तरी देता येते का?

मार्कंडेय_काठ
देता येते. माहिती अधिकार कायदा 2005, कलम 4(1)(क) म्हणतं की लोकांवर परिणाम करणारा निर्णय घेताना सार्वजनिक प्राधिकरणाने त्यातली सगळी संबंधित तथ्यं प्रसिद्ध करावीत. कलम 4(1)(ड) म्हणतं की बाधित व्यक्तींना कारणं द्यावीत. दरवाढीचा हिशेब ठरावाआधी मराठीत-कन्नडमध्ये प्रसिद्ध करा, असं आयुक्तांना आणि आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला लेखी द्या. 58 वॉर्डांतून 58 अर्ज गेले तर विषयपत्रिकेवर यावंच लागेल.

हरकत मराठीत द्या. घटनेचं कलम 350 सांगतं की गाऱ्हाण्याच्या निवारणासाठीचं निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतं. पोच घ्या, आवक क्रमांक घ्या.

निपाणीकर
मग माहिती अधिकाराचा अर्जही मराठीत चालतो की.

मार्कंडेय_काठ
तिथे जपून. माहिती अधिकाराच्या कलम 6 मध्ये इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असं लिहिलंय. म्हणून तो अर्ज कन्नड किंवा हिंदीत करा, उगाच फेटाळायला कारण नको. कर्नाटकात आणखी दोन अटी आहेत: अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे.

पंपघर
अर्जात काय मागायचं ते ठोकून लिहितो, कन्नड कुणीतरी करून द्या:

'मागील पूर्ण आर्थिक वर्षासाठी पाणीपुरवठा व भूमिगत ड्रेनेज सेवेची पुढील माहिती द्यावी. 1. प्रत्येक पंपिंग स्टेशनचे महिनावार पाणी, वीज युनिट व वीजबिल. 2. चालू ठोक मीटरांची संख्या व महिनावार वाचन. 3. बिल केलेले एकूण पाणी व वसूल झालेली रक्कम. 4. योजनेच्या मालमत्तेची किंमत, त्यातील कर्ज, अनुदान व स्वनिधीचा वाटा. 5. प्रस्तावित दर काढताना धरलेली गळती टक्केवारी, पाण्याची विक्री व वसुलीचे प्रमाण.'

शंभर शब्दांच्याही आत बसतं. विषय एकच, प्रश्न पाच.

खर्च_वसूल
पाचव्या प्रश्नातली विक्री महत्त्वाची. विक्री कमी धरली की दर फुगतो आणि वर्षअखेर जादा पैसा जमतो. ऑफवाट असा जादा पैसा पुढच्या वर्षांच्या बिलातून वळता करतं. आपणही हरकतीत लिहूया की दर वर्षी अंदाज आणि प्रत्यक्ष यांचा ताळमेळ प्रसिद्ध व्हावा आणि फरक पुढच्या दरात समायोजित व्हावा. आणि वसुलीबद्दल: केंद्राच्या त्याच सेवा-मानदंडात वसुली 90 टक्के आहे. सरकारी कार्यालयांची थकबाकी नियमित भरणाऱ्यांच्या दरावर टाकायची नाही, हे वेगळं वाक्य हवं.

शहापूरची_लेक
एका नळावरच्या कुटुंबांचा मुद्दाही हरकतीत येऊ द्या. कन्नड भाषांतर मी करते, उद्या रात्रीपर्यंत इथेच टाकते.

हिशेबनीस
ताई, भाषांतरात 'मालमत्तेची किंमत' ऐवजी 'ताळेबंदातील मूळ किंमत' असं घ्या. नाहीतर आजच्या बाजारभावाने फुगवलेला आकडा देतील. आणि केईआरसीच्या हेस्कॉम आदेशातलं हरकतींचं प्रकरण एकदा चाळा. प्रत्येक हरकत, हेस्कॉमचं उत्तर आणि आयोगाचं मत असं एकाखाली एक छापलेलं असतं. आपली हरकत त्याच रचनेत लिहिली तर महापालिकेला प्रत्येक मुद्द्याखाली उत्तर लिहावं लागेल अशी जागा सोडता येते.

अनगोळकर
हो, तशीच रचना करतो. मराठी मसुदा मी उघडतोय, गळती, वीज, अनुदान, स्लॅब, ड्रेनेज, ताळमेळ, थकबाकी या क्रमाने. वडगावकर, विहिरीच्या घरांचा परिच्छेद तुम्ही लिहा.

वडगावकर
लिहितो. माणशी ठोक आकाराची मागणी ठेवतो, आणि गच्चीचं पाणी वेगळं काढणाऱ्यांना सवलतीची ओळ त्याच्याच खाली.